अँबॅसिडरचं टायमिंग: चढावर नॉकिंग आणि व्हॅक्यूमच्या नळीत स्क्रू

काकांची_मार्क४

नमस्कार मंडळी,

काकांची 1986 ची अँबॅसिडर मार्क 4 आता माझ्याकडे आली आहे. 1489 सीसी पेट्रोल, पॉइंटवालं लुकासचं डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी पोचवणारा भाग). मधली बरीच वर्षं गाडी सीएनजीवर होती. सिलिंडरची मुदत संपली तेव्हा काकांनी किट उतरवून टाकलं, तेव्हापासून नुसत्या पेट्रोलवर.

तक्रार अशी. पेडर रोडच्या चढावर टॉप गिअरमध्ये पॅडल दाबलं की इंजिन नॉकिंग करतं, डब्यात खिळे हलवल्यासारखं. ईस्टर्न फ्रीवेवर एका लयीत चालवली तर आवाज नाही, पण ॲव्हरेज अगदीच पडलंय. सायनच्या जॅममध्ये टेंपरेचरचा काटा वर चढतो. सकाळी स्टार्ट करताना कधीकधी सेल्फ उलटा धक्का मारतो.

एका गॅरेजवाल्याने डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूमच्या डब्याला जाणारी नळी काढून तिच्यात स्क्रू मारला आणि म्हणाला, "आता नॉकिंग नाय होणार साहेब." नॉकिंग जिथल्या तिथे आहे. टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी पडावी ते, स्वतः लावायचं ठरवलंय. कुठून सुरुवात करू?

तिरका_पाना

व्हॅक्यूम विसरा. एवढ्या जुन्या गाडीत तो डबा असून नसून सारखाच. रेसच्या गाड्यांना असतो का? स्क्रू राहू दे, डेल्को (डिस्ट्रिब्युटर हो) जरा मागे फिरवा, विषय संपला. आम्ही आयुष्यभर कानाने टायमिंग लावलं.

शिवडीकर

रुमाल टाकून ठेवतो. आमच्या बिल्डिंगखालची कॉन्टेसा हेच रडगाणं गाते, तिलाही हेच 1489 चं इंजिन आहे.

कांजूरकर

पानासाहेब, रेसच्या गाडीला व्हॅक्यूम नसतो कारण ती अर्ध्या पॅडलवर चालतच नाही. आपण सायन ते फोर्ट निम्म्याहून जास्त वेळ अर्ध्या पॅडलवरच असतो. काकांच्या पुतण्याचं पडलेलं ॲव्हरेज त्या स्क्रूतच अडकलंय.

पाना हातात घेण्याआधी एवढं समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप जागेवर बसेल. प्लगवर ठिणगी पडली की मिश्रण एका क्षणात पेटत नाही, ज्योत पसरायला वेळ लागतो. सगळ्यात मोठा दाब पिस्टन वरच्या टोकावरून खाली निघाल्यावर थोड्याच अंशांनी, साधारण पंधराच्या आसपास, यावा लागतो. म्हणून ठिणगी आधी पाडायची. किती आधी, हे तीन जण मिळून ठरवतात.

पहिलं, डिस्ट्रिब्युटर इंजिनावर कुठल्या कोनात बसवलाय ते. हे स्टॅटिक टायमिंग.

दुसरं, आतली वजनं. आरपीएम वाढले की ती बाहेर फेकली जातात आणि कॅमला पुढे फिरवतात, कारण इंजिन वेगात असलं की जळायला वेळ कमी उरतो.

तिसरा आपला व्हॅक्यूमचा डबा, इंजिनाच्या खेचीवर (व्हॅक्यूमवर) चालणारा. पॅडल हलकं असताना सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोल थोडंच शिरतं, मिश्रण विरळ होतं. लवंगीची माळ विरळ ओवली तर वात पोचायला वेळ लागतो, तसं ते हळू पेटतं. त्याला अजून आधी ठिणगी हवी. डबा ती देतो. पॅडल पूर्ण दाबलं की खेच जवळजवळ शून्यावर येते, डायफ्रॅमची स्प्रिंग प्लेटला मागे ढकलते आणि डब्याने दिलेला ॲडव्हान्स (ठिणगीची आगाऊ वेळ) निघून जातो.

आता तुमची तक्रार पुन्हा वाचा. चढावर, टॉप गिअर, पॅडल दाबलेलं. त्या वेळी डबा कामावरच नसतो. म्हणजे नळी बंद करून हे नॉकिंग जाणारच नव्हतं, आणि गेलंही नाही. दाबलेल्या पॅडलवर वाजलं तर स्टॅटिक बघा नाहीतर वजनं. हलक्या पॅडलवर, सरळ रस्त्यावर वाजलं तरच डब्याकडे बोट दाखवायचं.

सेल्फचा उलटा धक्का हाही टायमिंग फार पुढे असल्याचाच, म्हणजे ठिणगी वाजवीपेक्षा आधी पडत असल्याचाच इशारा. आणि माझा संशय थेट सीएनजीवर आहे. गॅस पेट्रोलपेक्षा हळू जळतो आणि त्याचा ऑक्टेन बराच वर, त्यामुळे किट बसवताना फिटर डिस्ट्रिब्युटर चांगलाच पुढे सरकवतात. गॅसवर वाजत नाही, गाडी खेचते, सगळे खूश. किट उतरवताना टायमिंग मागे आणायचं मात्र कोणाच्या डोक्यात येत नाही.

गेजवाली

कांजूरकरांना +1. फक्त टायमिंगला हात लावायच्या आधी पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली उघडमीट करणारी संपर्काची जोडी; ती उघडली की ठिणगी पडते! गॅप आधी, टायमिंग नंतर. हा क्रम उलटा केला तर सगळी मेहनत फुकट, कारण गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपसूक पुढे जातं. ड्वेल (पॉइंट मिटलेले राहतात तो कोन) एका अंशाने हलला की टायमिंगही क्रँकवर साधारण एका अंशाने हलतं.

लुकासच्या या डिस्ट्रिब्युटरला गॅप 14 ते 16 थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 0.35 ते 0.40 मिमी. कॅमचा उंचवटा पॉइंटच्या टाचेखाली बरोबर आणून मोजायची. जुन्या पॉइंटवर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड झालेलं असतं. फिलर गेज टेकाडावर टेकतो आणि खरी गॅप त्याहून मोठी असते. अशा वेळी घासत बसू नका, नवे पॉइंट घाला. ऑपेरा हाऊसला स्पेअरच्या दुकानांत अजून मिळतात, पण चावून बघा, म्हणजे टाच बघून घ्या. हल्ली काहींची टाच इतकी मऊ प्लास्टिकची येते की थोड्याच दिवसांत झिजून गॅप मिटते आणि टायमिंग मागे जातं. कॅमवर ग्रीसचा एक बारीक थर लावा, जास्त नको, उडून पॉइंटवर बसतं.

रोटर काढला की खाली कॅमच्या मधोमध स्क्रू दिसतो, तिथे दोन-चार थेंब पातळ तेल सोडा. ते कॅमच्या बेअरिंगला जातं. आतल्या वजनांसाठी प्लेटच्या ज्या भोकातून कॅम वर येतो, तिथूनही दोन-चार थेंब सोडा. मुंबईच्या हवेत हे केलं नाही तर वजनं गंजून एका जागी बसतात आणि मग गाडी "पिकअपच नाही" म्हणत गॅरेज फिरत राहते.

शिवडीकर

ताई, बल्बने टायमिंग लावतात ते नेमकं कसं? आमच्याकडे स्ट्रोब (टायमिंग बघायचा लुकलुकणारा दिवा) नाही.

गेजवाली

12 व्होल्टचा पार्किंगचा छोटा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी. एक वायर कॉइलच्या त्या टर्मिनलला, जिथून बारीक वायर डिस्ट्रिब्युटरकडे जाते. दुसरी बॉडीला.

चारही प्लग काढा, इंजिन हाताने फिरवायला हलकं पडतं. अँबीला हँडल लावायची सोय आहे, तिचा उपयोग करा. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा, का ते सांगतील. आपण प्लग काढलेत म्हणून उलटा झटका येणार नाही, पण सवय तीच ठेवा.

एक नंबरचं कॉम्प्रेशन कसं ओळखायचं: फायरिंग ऑर्डर 1-3-4-2. एक नंबर फायरिंगवर असतो तेव्हा चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह डोलत असतात, एक मिटत असतो, दुसरा उघडायला लागलेला. टॅपेट कव्हर काढायचं नसेल तर एक नंबरच्या प्लगच्या भोकावर बोट ठेवा, हवा ढकलेल.

आता पुलीवरची खाच टायमिंग कव्हरच्या टोकांकडे आणा. बी-सिरीजला, म्हणजे आपल्या या इंजिनाला, तिथे तीन टोकं असतात: लांब टोक म्हणजे टीडीसी (पिस्टन अगदी वरच्या टोकाला), बाकीची दोन 5 आणि 10 अंश आधीची. वर्षानुवर्षांचं तेल आणि माती खरवडल्याशिवाय काही दिसायचं नाही. खाच पांढऱ्या नेलपॉलिशने रंगवा.

इग्निशन ऑन करा. पॉइंट मिटलेले असतील तर बल्ब बंद, उघडले की लागतो. खाच तुमच्या गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यावर आणून ठेवा, क्लँप सैल करा आणि डिस्ट्रिब्युटरची बॉडी हळूहळू फिरवा. बल्ब लागण्याच्या अगदी त्या क्षणाला थांबा, क्लँप आवळा. मग इंजिन दोन फेरे फिरवून पुन्हा बघा. खाच नेहमी इंजिन चालतं त्याच दिशेने आणायची. पुढे गेली तर उलटं ओढून नेमकं खुणेवर थांबवू नका, थोडं जास्त मागे नेऊन परत पुढे आणा, नाहीतर चेनची आणि गिअरची ढिलाई मापात घुसते.

आणि इग्निशन ऑन ठेवून चहाला जाऊ नका, पॉइंट मिटलेले राहिले तर कॉइल तापते.

तिरका_पाना

एवढा पसारा! कानाने दहा मिनिटांत होतं. बाकी चालू द्या, वाचतोय.

बंदरावरचा

वाचनखूण साठवली. अवांतर: सोसायटीच्या कंपाउंडमध्ये बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं की सेक्रेटरी किती मिनिटांत खाली येतात, यावर वेगळा धागा काढा.

कांजूरकर

स्ट्रोब घेणार असाल तर नागदेवी स्ट्रीटला चौकशी करा. शक्यतो डायलवाली घ्या, खूण टोकांच्या बाहेर गेली तरी किती अंश ते कळतं. डायल नसेल तर दोरा पुलीभोवती गुंडाळून परीघ मोजा आणि 36 ने भागा. समजा 450 मिमी भरला, तर 10 अंश म्हणजे साडेबारा मिमी. तेवढ्या अंतरावर पुलीवर दुसरी खूण करून घ्या.

स्ट्रोब लावताना व्हॅक्यूमची नळी डिस्ट्रिब्युटरच्या बाजूने काढा आणि तिचं तोंड बंद करा. (इथेच तो स्क्रू उपयोगी. काम झालं की फेकून द्या.) आयडलिंग कमी ठेवा, वजनं अजून हलायला लागलेली नसली पाहिजेत. क्लिप एक नंबरच्या प्लग वायरवर. सदऱ्याच्या बाह्या वर करा, गळ्यात काही लोंबत ठेवू नका. स्ट्रोबच्या उजेडात पंखा थांबल्यासारखा दिसतो आणि माणूस सहज हात घालतो. हे मी गंमत म्हणून लिहीत नाहीये.

आधी आकडा बघा. मग ॲक्सिलरेटर हळूहळू वाढवा. खूण सरळ, न अडखळता पुढे सरकली पाहिजे आणि पॅडल सोडल्यावर परत जागेवर आली पाहिजे. परत यायला आळस करत असेल तर वजनं नाहीतर स्प्रिंगा अडकल्यात. तिथे दोन स्प्रिंगा असतात, त्यातली जाड बहुतेक वेळा सैल दिसते. ती तशीच असते, ती वरच्या आरपीएमला कामाला लागते. तिचा आकडा वाकवून ती "ताठ" करणारे कारागीर मी बघितलेत.

खूण जागेवर नाचत असेल तर डिस्ट्रिब्युटरचा बुश झिजला असेल किंवा टायमिंग चेन. क्लिप चार नंबरवर लावून बघा. एक आणि चारच्या आकड्यात दोन-तीन अंशांचा फरक पडला तर तो बुश, कितीही टायमिंग लावा, मधलाच कुठला तरी आकडा मिळणार.

काकांची_मार्क४

मंडळी, आज सकाळी बसलो. सेक्रेटरी आलेच, पण स्ट्रोब बघून स्वतःच बॉनेटमध्ये डोकावत उभे राहिले.

गॅप 15 थाऊ केली, नवे पॉइंट. त्यानंतर, नळी काढून, आयडलला डायलने 18 अंश! पुस्तकातल्या आकड्याच्या कितीतरी पुढे. कांजूरकर, सीएनजीचा अंदाज बरोबर निघाला. क्लँपच्या खालच्या रंगावर जुनी जागा आणि नवी जागा अशा दोन ओरखड्यांच्या खुणाही दिसतात.

पुस्तकाप्रमाणे मागे आणलं. खूण नाचत नाही, एक आणि चारमध्ये फरक नाही, ॲक्सिलरेटरवर खूण गुळगुळीत सरकते. दुपारी पेडर रोडला गेलो, नॉकिंग गायब. सेल्फचा धक्काही गेला.

मग नळीतला स्क्रू काढून ती परत जोडली आणि नवंच दुखणं. हलक्या पॅडलवर गाडी हिसके देते, मिसिंग होतं. जोरात दाबलं की साफ. नळी काढली की पुन्हा साफ. म्हणजे डबाच खराब?

तिरका_पाना

सांगितलं होतं!

गेजवाली

पानासाहेब, घाई नको. डबा खराब असेल तर तो काहीच करणार नाही. फाटलेल्या डायफ्रॅमने प्लेट हलत नाही, हवा तेवढी आत ओढली जाते. इथे तर डबा काम करतोय, प्लेट हलतेय, आणि ती हलली की काहीतरी तुटतंय.

कॅप काढा आणि बेसप्लेटपासून बॉडीला जाणारी ती बारीक, मऊ, कापडाच्या वेष्टणाची अर्थ वायर बघा. प्लेट मागेपुढे हलते तशी ही वायर रोज वाकते. वेष्टण शाबूत दिसतं आणि आतले तांब्याचे धागे तुटलेले असतात. पॉइंटला अर्थ तिच्यातूनच मिळतो. पॉइंटकडे जाणारी दुसरी बारीक वायरही बघा, तीही तशीच वाकते.

डब्याची परीक्षा सोपी. नळी डब्यालाच ठेवून दुसरं टोक तोंडात धरून खेचा. प्लेट फिरली पाहिजे. मग टोकावर जीभ दाबून ठेवा, प्लेट तिथेच थांबली पाहिजे. हळूहळू परत आली तर डायफ्रॅम गळतोय. रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट दिशेला प्लेट ओढली जाते, म्हणून ठिणगी आधी पडते.

कांजूरकर

डब्यावर ठोकलेले आकडेही वाचा, लुकासचे वाचण्यासारखे असतात. समजा 5-13-10 असं असेल, तर डबा 5 इंच पाऱ्याच्या खेचीला हलायला सुरुवात करतो, 13 इंचांना पूर्ण हलतो, आणि जास्तीत जास्त 10 अंश देतो. हे 10 अंश डिस्ट्रिब्युटरचे. क्रँकवर त्याचे 20 होतात, कारण डिस्ट्रिब्युटर निम्म्या वेगाने फिरतो. चोर बाजारातून "अँबीचाच आहे साहेब" म्हणून दुसऱ्याच गाडीचा डबा गळ्यात मारतात. बसतो अगदी फिट, पण अंश भलतेच देतो आणि मग फ्रीवेवर हलक्या पॅडलला वाजायला लागतं. जुना चालू असेल तर त्याला हात लावू नका.

शिवडीकर

नळी कार्ब्युरेटरला लावायची की मॅनिफोल्डला? इंटरनेटवर दोन्ही बाजूचे लोक एकमेकांच्या जिवावर उठलेत.

कांजूरकर

कंपनीने दिली तिथे. कार्ब्युरेटरवरचं भोक थ्रॉटलच्या पाकळीच्या जरासं वर असतं. पॅडल सोडलेलं असताना भोक पाकळीच्या बाहेरच्या बाजूला, खेच नाही, डबा निवांत. पॅडल किंचित दाबलं की पाकळीची कड भोकाच्या पलीकडे जाते आणि खेच लागते. मॅनिफोल्डवर जोडली तर आयडललाच पूर्ण ॲडव्हान्स मिळतो, इंजिन जरा थंड आणि गुळगुळीत वाटतं, पण आयडलिंग वाढतं, ते परत कमी करावं लागतं, आणि गिअर टाकताना आरपीएम पडले की खेच पडते, ॲडव्हान्स जातो, आरपीएम आणखी पडतात. काही इंजिनं तशीच बनवलेली आहेत, त्यांना ते शोभतं. हे त्यातलं नाही.

काकांची_मार्क४

गेजवाली ताई, दंडवत! अर्थ वायरचं वेष्टण शाबूत, आत एकच धागा शिल्लक होता. चिमट्याने ओढली तर हातात आली. डबा खेचून बघितला, जीभ ठेवल्यावर प्लेट घट्ट थांबते. वायर कसली लावू?

गेजवाली

साधी पीव्हीसी वायर नको, ताठ असते, प्लेटला अडवते आणि पुन्हा तुटते. खूप बारीक धाग्यांची मऊ सिलिकॉन वायर लॅमिंग्टन रोडला मिळते. थोडी सैल लूप ठेवून टोकांना टॅग डाखा, टॅगच्या पुढे डाख वायरीत झिरपू देऊ नका, नेमकी तिथूनच तुटते. लूप कॅमला घासत नाही ना, ते नळी तोंडाने खेचून प्लेट हलवून बघा.

बंदरावरचा

एक शंका. आता पंपावर सगळीकडे ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) आहे. त्यासाठी टायमिंग वेगळं लावायचं का?

कांजूरकर

इथेनॉलचा ऑक्टेन पेट्रोलपेक्षा वर, त्यामुळे नॉकिंगची भीती कमीच होते. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि जुन्या कार्ब्युरेटरला ते कळत नाही, तो जेट जेवढं सोडतो तेवढंच सोडतो. मिश्रण पातळ पडतं, हवेच्या मानाने पेट्रोल कमी. पातळ मिश्रणावरचे हिसके आणि गरमी टायमिंग फिरवून झाकू नका, आधी प्लगचा रंग बघा आणि मिक्श्चर नीट करा. पीयूसीलाही तेच: सीओचा आकडा टायमिंगने फारसा हलत नाही, मिक्श्चरने हलतो.

पुस्तकातला आकडा ही सुरुवात समजा. नंतर रस्त्यावर. इंजिन पूर्ण गरम, टॉप गिअर, 50 च्या वेगाला पॅडल पूर्ण दाबा. नॉकिंगची एखाद-दुसरी टिकटिक ऐकू आली आणि लगेच विरली तर ठीक. वाजतच राहिलं तर मागे. यासाठी क्लँप सोडायची गरज नाही. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला डब्याच्या टोकाशी खरखरीत गोल नट आहे, त्याच्या बाजूला ए आणि आर कोरलेलं असतं. ए म्हणजे ॲडव्हान्स, आर म्हणजे रिटार्ड. हा नट टिकटिक करत फिरतो, 11 टिकटिक म्हणजे साधारण एक अंश. बॅरलवरची एक रेघ म्हणजे 5 अंश. पानासाहेबांचे कान इथे कामाला येतील, मनापासून सांगतो. स्टॅटिक लावताना मात्र हा नट मध्यावर ठेवायचा, म्हणजे दोन्हीकडे जागा राहते.

तिरका_पाना

कान दिले म्हणून आभारी आहे. तो नट बहुतेक गाड्यांत गंजून मेलेला असतो. फिरवायच्या आधी आदल्या रात्री डिझेल नाहीतर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवा आणि पक्कड लावू नका, नट पितळेचा असतो, दाते चेपतात. आणि नॉकिंग नाही म्हणून खूश होऊन आणखी मागे मागे नेत बसू नका. फार मागे नेलं तर मिश्रण उशिरा जळतं, उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते, आणि सायनच्या जॅममध्ये काटा परत वर.

काकांची_मार्क४

वायर लावली, नळी जोडली. फ्रीवेवर हिसका नाही. नटाचे मागे वीसेक टिकटिक घेतले, चढावर आता एखादीच टिकटिक येते आणि जाते. काटा जॅममध्ये मधल्या रेघेच्या वर गेला नाही. ॲव्हरेज टाकी संपल्यावर लिहीन.

शेवटचं विचारतो. पॉइंट काढून आत बसणारं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल मिळतं म्हणे. ते घातलं की ही सगळी कटकट संपते का?

गेजवाली

पॉइंटची संपते, बाकीची नाही. वजनं, स्प्रिंगा, डबा सगळं तेच राहतं. मॉड्यूल त्याच हलत्या प्लेटवर बसतं, म्हणजे अर्थ वायरही तेवढीच महत्त्वाची. इंजिन बंद असताना इग्निशन ऑन ठेवू नका, काही मॉड्यूलं त्यानेच जळतात. जुने पॉइंट, कंडेन्सर आणि फिलर गेज डिकीत ठेवा. आणि मॉड्यूल बसवलं की स्ट्रोब पुन्हा लावा, त्याची ठिणगी पडायची जागा पॉइंटच्या जागेपेक्षा वेगळी असते.